कच्चा लिंबू नको, रनर द्या

परीक्षा आटोपल्या की गल्लोगल्ली उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. व्हीलचेअरवरच्या मुलाचे पालक चौकशीला गेले, की मात्र ‘आमच्याकडे तसा स्टाफ नाही हो’ हे ठरलेले उत्तर मिळते. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. मान्यताप्राप्त शाळांनी खेळ आणि करमणुकीतही समान संधी द्यावी, असे त्याचे कलम १६ सांगते. शाळेच्याच मैदानावर भरणाऱ्या शिबिरांना त्याची आठवण हवी.

मुलांचे घोडे इथे अडत नाही. धावता न येणाऱ्या गड्याला ती फलंदाजी देतात, रनर उभा करतात. तो बाद झाला की भांडणही रीतसर होते. त्याला कच्चा लिंबू करून कडेला ठेवण्याची दयाळू कल्पना बहुधा मोठ्यांची.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅम्प जेनेड या उन्हाळी शिबिरात दिव्यांग मुले मनसोक्त हुंदडली. तिथल्याच ज्युडिथ ह्यूमन १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत ठाण मांडणाऱ्या दिव्यांग हक्क आंदोलनाच्या नेत्या झाल्या. आपल्या आयोजकांकडे मागणे त्या मानाने किरकोळ आहे: रॅम्प, वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि प्रवेशअर्जात ‘मुलाला काय मदत लागेल?’ हा रकाना. तो तर यंदाच्या नोंदणीतच छापता येईल.