हबीब तन्वीर यांचे शिक्षक कोण होते?

रायपुरात हबीब तन्वीर यांचं नाव काढलं की "ते आमच्या गावचे" असं अभिमानाने सांगणारा कुणीतरी भेटतोच. १ सप्टेंबर १९२३ ला ते इथे जन्मले. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, म्हणून पदवीसाठी ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. पुढे मुंबईत आकाशवाणी, सिनेमा आणि 'इप्टा'. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख ज्या सांस्कृतिक चळवळीत गात होते, त्याच चळवळीत तन्वीर नट म्हणून घडले. १९५४ मध्ये दिल्लीत 'आग्रा बाजार' बसवलं, १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये दाखल झाले. नट ते संगीत नाटकांचा दिग्दर्शक, हा प्रवास इथवर सगळ्यांना पाठ असतो.

माझ्या मते खरं शिक्षण यानंतर सुरू झालं, आणि ते देणाऱ्यांपैकी कित्येकांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

१९५८ मध्ये परतल्यावर त्यांनी छत्तीसगडमधले सहा नाचा कलावंत दिल्लीला नेले: मदनलाल, ठाकुरराम, लालूराम, बाबूदास, भुलवाराम, जगमोहन. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'वरून 'मिट्टी की गाडी' उभं राहिलं. पुढच्याच वर्षी मोनिका मिश्र यांच्यासोबत 'नया थिएटर' निघालं. नाचा म्हणजे रात्रभर चालणारा खेळ: जोक्कर, बाईच्या वेशातली परी, गाणी आणि मधेमधे 'गम्मत' नावाचे विनोदी प्रवेश. आपल्या तमाशाशी त्याचं नातं सांगायला नको. करणारे बहुतेक शेतमजूर, धोबी, केवट, राऊत, देवार अशा जातींतले.

पण गावात हजारोंना हसवणारे हे नट शहराच्या रंगमंचावर अवघडायचे. तन्वीर यांना वर्षानुवर्षं कारण सापडेना. शेवटी लक्षात आलं की चूक नटांची नव्हतीच. ते त्यांना हिंदी बोलायला लावत होते आणि या वाक्याला इकडे वळ, त्या वाक्याला तिकडे जा, अशा लंडनी शिस्तीत बांधत होते. त्यांनी दोन्ही सोडलं. नट छत्तीसगढीत बोलू लागले, आपल्या मनाने हलू लागले. १९७३ मध्ये रायपुरातच महिनाभर शिबिर झालं. नाचातल्या तीन जुन्या गमती गाण्यांनी जोडून 'गांव के नाम ससुराल, मोर नाम दामाद' तयार झालं. म्हणजे १९५८ ते १९७३, पंधरा वर्षं.

आपल्यासारख्यांनी या पंधरा वर्षांवर थांबावं. कॉलेजात पहिल्या दिवसापासून आपली बोली 'सुधारली' जाते. 'पानी' म्हटलं की वर्ग हसतो. घरी आजी ज्या भाषेत बोलते ती व्हायव्हात चालत नाही. आणि इथे लंडनहून शिकून आलेला माणूस कबूल करतो की त्या भाषेवाचून आपलं नाटक मेलं होतं. हे मला त्यांच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

तरीही एक हिशेब उरतो. १९७५ च्या 'चरणदास चोर'ची कथा विजयदान देथांकडून आली, गाणी स्वर्णकुमार साहू आणि गंगाराम सखेत यांनी लिहिली, सतनामींचं पंथी नृत्य-संगीत त्यात आलं. १९८२ मध्ये एडिनबर्गला पुरस्कार मिळाला. आज जगाला नाव माहीत आहे ते एकच. मराठी वाचकाला हे शीर्षक ऐकून श्याम बेनेगलांच्या चित्रपटातली स्मिता पाटील आठवेल; रंगमंचावर राणी गाजवणाऱ्या फिदाबाई मरकाम आठवणार नाहीत. चरणदास रंगवणाऱ्या गोविंदराम निर्मलकरांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली खरी, पण त्यांची शेवटची वर्षं आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली.

तन्वीर यांनी श्रेय चोरलं असं मी म्हणत नाही. 'पोंगा पंडित'साठी त्यांनी सोसलेलं मी विसरू शकत नाही. पुजाऱ्याच्या सोवळ्याची खिल्ली उडवणारी जमादारीण हे नाचा कलावंतांनीच रचलेलं जुनं प्रहसन. १९९२ नंतर आणि पुन्हा २००३ मध्ये हिंदुत्ववादी संघटनांनी त्याचे प्रयोग उधळले. ऐंशीच्या घरातला हा माणूस तरीही प्रयोग करत राहिला. अडचण त्यांच्या हेतूत नाही. एकाला 'दिग्दर्शक' आणि बाकीच्यांना 'लोककलावंत' म्हणणाऱ्या आपल्या सवयीत आहे. दिग्दर्शकाला चरित्र मिळतं, लोककलावंताला फक्त परंपरा.

८ जून २००९ ला भोपाळमध्ये तन्वीर गेले. दोनच महिन्यांत छत्तीसगड सरकारने 'चरणदास चोर'च्या पुस्तकावर बंदी घातली, कारण पुस्तकातल्या सतनामी पंथाविषयीच्या उल्लेखांवर पंथाच्या गुरूंचा आक्षेप होता. बंदी मला साफ अमान्य आहे. पण 'अडाणी लोकांना कला काय कळते' हा तेव्हाचा सूरही तितकाच अमान्य. ज्या समाजाच्या गाण्यावर नाटक उभं राहिलं, त्याला पुस्तकातल्या ओळीबद्दल विचारण्याचा हक्क नाही का? सरकारला चर्चा घडवता आली असती. बंदी सोपी होती.

मी समाजशास्त्रात पीएचडी करतो आहे. आमच्या प्रबंधांत गाणाऱ्या बाईला 'प्रतिसादक क्रमांक सात' म्हणतात. कधी तिच्या सुरक्षिततेसाठी ते लागतं, मान्य. पण तिने स्वतः रचलेलं गाणं मी छापतो तेव्हा कोणाची सुरक्षितता जपतो? आपल्यातले कितीतरी जण आता आपल्याच वस्तीवर प्रबंध लिहीत आहेत. गाईडला विचारा, रचनाकाराचं नाव पहिल्या पानावर घालता येईल का. माझ्या गाईडने "बघू" म्हटलं आहे.