सर्व्हरवरची परांची

शासकीय सर्व्हरसमोर बसून कोणी काम करत नाही. त्याला मॉनिटरही सहसा जोडलेला नसतो. तरीही अशा सर्व्हरवर खिडक्या, चिन्हे आणि माऊस चालवणारी संपूर्ण चित्रमय प्रणाली बसवण्याचे प्रस्ताव मी वारंवार पाहिले आहेत. कारण एकच दिले जाते: सॉफ्टवेअर तिथेच बिल्ड करायचे आहे आणि त्या कामाला ती लागते. ही सबब मला मान्य नाही.

मागणी सर्वस्वी खोटी नाही. ओपनजेडीके, म्हणजे जावाची मुक्त स्रोत प्रणाली, लिनक्सवर बिल्ड करताना एक्स विंडो प्रणालीच्या हेडर फायली लागतात. पूर्वी तर केवळ मॉनिटरविना चालणारी 'हेडलेस' आवृत्ती हवी असली तरीही त्या लागत. परंतु हेडर फायली म्हणजे डेस्कटॉप नव्हे. एका शिक्क्यासाठी कोणी छापखाना उभारत नाही. शिवाय ही गरज घडवतानाची आहे, चालवतानाची नाही. जावामध्ये हेडलेस पद्धत २००२ सालच्या १.४ आवृत्तीपासून आहे. खिडक्यांचेच नाव धारण करणाऱ्या विंडोज सर्व्हरनेही २००८ च्या आवृत्तीत डेस्कटॉप वगळणारा 'सर्व्हर कोअर' हा पर्याय दिला.

'डिस्क स्वस्त आहे, राहू द्या,' असा युक्तिवाद होतो. खर्च डिस्कचा नाही, देखरेखीचा आहे. एक्सच्या फॉन्ट वाचणाऱ्या लिबएक्सफॉन्ट या लायब्ररीतील सुरक्षेची एक त्रुटी १९९१ पासून तशीच होती. ती जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झाली. असे दोष निघाल्यावर पॅच कोणी लावायचा? निविदेत त्या घटकाचे नाव नसते, हस्तांतरणाच्या यादीतही नसते. कंत्राटदार जातो, घटक राहतो, आणि उत्तरदायित्व कोणाचेच उरत नाही.

प्रशासनाला हा रोग नवा नाही. पद तात्पुरते म्हणून मंजूर होते, काम संपते, मुदतवाढीच्या टिपण्या मात्र चालूच राहतात.

इमारत पूर्ण झाली की गवंडी परांची उतरवतो. तिच्यासह ताबा देत नाही. हाच नियम इथे लावावा. बिल्डसाठी स्वतंत्र यंत्र ठेवावे, तिथे लागेल ते बसवावे आणि तयार झालेले पॅकेज तेवढे सर्व्हरवर न्यावे. सर्व्हरवरील प्रत्येक घटकाची यादी, त्याचे प्रयोजन आणि त्याला जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम मिळाल्याखेरीज अंतिम देयक मंजूर करू नये. ज्याचे प्रयोजन लिहिता येत नाही, त्याला सर्व्हरवर जागा नाही.