राखीव खेळाडूंच्या वाट्याची मिनिटे

अमेरिकेतील एनबीएचा सामना 48 मिनिटांचा, मैदानात पाच जण. म्हणजे प्रशिक्षकाला वाटायला 240 मिनिटे. बाद फेरी आली की बहुतेक प्रशिक्षक ती सात-आठ जणांतच वाटून मोकळे होतात. ‘मोठ्या सामन्यात राखीवांवर भरवसा कसा ठेवायचा?’ हा युक्तिवाद आम्हाला अर्धाच पटतो. सर्वांना समान मिनिटे द्या, असे आम्हीही म्हणत नाही. पण नोव्हेंबरात ज्याला बाकावरून उठवलेच नाही, त्याच्यावर मे महिन्यात कच्चेपणाचा ठपका ठेवणे, हा कुठला न्याय?

2013-14 च्या साखळीत सॅन अँटोनियोच्या एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांवर गेली नाही. तरी 62 विजय! बाद फेरीत डंकन, पार्कर, लिओनार्ड यांची मिनिटे वाढवली; वाढवायला त्यांच्या पायांत बळ शिल्लक होते. अंतिम फेरीत मायामीला 4-1 ने लोळवले.

2025 च्या अंतिम फेरीत तिसरा सामना इंडियानाने जिंकला, तो राखीवांच्या 49 गुणांवर. ओक्लाहोमाच्या राखीवांचे गुण अवघे 18. मालिका इंडियाना सातव्या सामन्यात हरले, हे खरे. पण त्या दिवशी त्यांचा हुकमी हॅलिबर्टन पहिल्याच सत्रात जायबंदी झाला होता. राखीवांना खेळवल्यामुळे हरले, असे कुणी सांगू नये.