निदान मोजणं तरी थांबवू नका

वॉशिंग्टन, लंडन, पॅरिस आणि बर्लिन इथल्या खजिन्यांच्या कारभाऱ्यांना. प्रत नवी दिल्लीला



पैसा तुमच्या करदात्यांचा आहे. तो परदेशी मुलांवर किती खर्च करायचा, हे ठरवण्याचा हक्कही तुमचाच. लशी आणि औषधं मागणारी पत्रं तुमच्याकडे ढिगाने आली असतील, आणि त्यांतलं म्हणणं रास्तच आहे. हे पत्र मात्र एका रटाळ वस्तूबद्दल आहे: प्रश्नावली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ हा घरोघर प्रश्नावली घेऊन जाणारा पाहणी-कार्यक्रम बंद केला. १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत तो चालला होता. गेट्स प्रतिष्ठानाने सुरू असलेल्या काही पाहण्या पुऱ्या करण्यापुरता हात दिला. पण पुढच्या फेऱ्यांचं काय, हा प्रश्न उरलाच. त्याच महिन्यात ब्रिटननेही परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणायचं जाहीर केलं. बाकीचे मागे राहिले नाहीत.

हे काम चालतं कसं, ते कात्री चालवणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. शिकवून तयार केलेली एक बाई गावात जाते, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना गाठते आणि सासू-नवऱ्याच्या कानावर पडणार नाही अशी जागा शोधून बसते. आधी जवळ राहणारे मुलगे-मुली विचारते, मग दुसरीकडे राहणारे, मग गेलेले. ‘गेलेलं कुणी नाही’ असं उत्तर आलं तरी तिला पुढे जाता येत नाही. जन्मल्यावर रडलं, हललं, श्वास घ्यायची धडपड केली, घटकाभरच जगलं, असं एखादं बाळ होतं का, हे पुन्हा विचारावं लागतं. नाव ठेवायच्या आतच गेलेलं मूल पुष्कळ घरांत मोजलेलंच नसतं. मग वय. महिन्याच्या आतलं असेल तर दिवसांत, दोन वर्षांच्या आतलं असेल तर महिन्यांत. ‘वर्षाचं होतं’ एवढं लिहून भागत नाही, कारण ते वर्ष दहा महिन्यांचंही असतं आणि चौदाचंही, आणि अर्भकमृत्यूचा दर नेमका तिथेच चुकतो.

यात लबाडीही होते. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे प्रश्नांची पानंच्या पानं असतात, तेव्हा दमलेली प्रश्नकर्ती मुलाची जन्मतारीख वर्षभर मागे सरकवते आणि पानं वाचवते. (दिवसभर उन्हात पायपीट करणाऱ्या बाईला यासाठी बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.) पण ही चलाखी सापडते, कारण घराघरांतून आलेली मूळ माहिती संशोधकांना तपासायला मिळते. सरकारी रजिस्टरांच्या बाबतीत अशी सोय क्वचितच असते.

इथिओपियाकडे पाहा. २००० च्या पाहणीत तिथे हजार जिवंत जन्मांमागे १६६ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. २००५ मध्ये १२३, २०११ मध्ये ८८, २०१६ मध्ये ६७. मधल्या काळात त्या देशाने तीस हजारांहून अधिक आरोग्यसेविका, बहुतेक तरुण मुली, पगार देऊन खेडोपाडी नेमल्या. तुमच्या मदतीचाही त्या यशात वाटा होता. पण त्याच पाहण्यांच्या तक्त्यात आणखी एक ओळ आहे: पहिल्या महिन्यात जाणारी बाळं ४९ वरून २९ वर आली. म्हणजे एकूण मृत्यू साठ टक्क्यांनी घटले, नवजातांचे चाळीस टक्क्यांनीच. लस, मच्छरदाणी आणि जलसंजीवनीने थोडी मोठी मुलं वाचली. अपुऱ्या दिवसांच्या, अंग गार पडत चाललेल्या बाळाला त्यांचा उपयोग नव्हता. पुढचा पैसा कुठे लावायचा, ते या ओळीवरून कळलं.

मोजणीची ताकद महाराष्ट्राला माहीत आहे. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला, तेव्हा डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर मोजलेले बालमृत्यू सरकारी नोंदींहून कितीतरी जास्त निघाले. बरीच आदळआपट झाली आणि शेवटी शासनाने बंगांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. बंगांच्या गडचिरोलीतल्या ज्या प्रयोगाने नवजातमृत्यू ६२ टक्क्यांनी उतरवले (तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला), त्याच्याही मुळाशी गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपण्याची शिस्त होती.

तुम्ही म्हणाल, संयुक्त राष्ट्रांचे अंदाज आहेतच. आहेत. २०२३ मध्ये पाच वर्षांखालची ४८ लाख मुलं गेली, असं तेच सांगतात. पण जिथे ताजी पाहणी नाही, तिथे गणिती प्रारूप जुन्या उताराला धरून रेषा पुढे ओढतं. म्हणजे मदत आटल्यावर एखाद्या देशात मृत्यू वाढले, तरी आलेखावर रेषा खालीच जात राहील आणि तुमची कपात निरुपद्रवी ठरेल. हा हेतू असेल असं मी म्हणत नाही. परिणाम मात्र तोच आहे.

जन्म-मृत्यूची नोंद ज्या त्या देशाने स्वतः ठेवावी, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ती व्यवस्था उभी राहायला दशकं जातात, आणि तोवर आईला विचारणं एवढाच भरवशाचा मार्ग उरतो.

आता दिल्लीसाठी. आपली पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ मध्ये अमेरिकी मदतीने, याच साच्यात झाली. ती करणारी मुंबईची देवनारमधली संस्था १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने, आशियातल्या देशांना लोकसंख्याशास्त्र शिकवण्यासाठी निघाली होती. लाखो घरांची पाहणी करणारी माणसं आज आपल्याकडे आहेत. आफ्रिकेतल्या चार-पाच देशांचं प्रशिक्षण आणि माहितीची छाननी भारताला सहज उचलता येईल. जागतिक दक्षिणेच्या नेतृत्वाची भाषणं त्याहून महाग पडतात.

२०३० पर्यंत पाच वर्षांखालचे मृत्यू हजारी २५ वर आणि नवजातांचे १२ वर आणायचं तुम्ही सर्वांनी २०१५ मध्ये कबूल केलं आहे. ते जमलं की नाही हे कळायला २०२८-२९ च्या सुमारास पाहण्या व्हायला हव्यात. गावांची निवड, प्रश्नावलीची स्थानिक भाषांतरं, बायकांची भरती आणि प्रशिक्षण यांत दीड-दोन वर्षं जातात. त्यामुळे या पाहण्यांसाठी तरतूद येत्या अर्थसंकल्पातच व्हायला हवी.

कळावे.