पाण्यात उतरण्यापूर्वीचा अर्धा तास

अंदमानचा प्रवास मराठी कुटुंबांना आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. सेल्युलर तुरुंगाचे दर्शन घ्यावे, स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक व्हावे आणि मग चार दिवस निळ्या समुद्राच्या सहवासात घालवावेत, असा बहुतेकांचा कार्यक्रम असतो. रजा प्रवास सवलत घेऊन जाणारी बँक कर्मचाऱ्यांची कुटुंबेही त्यात असतात. या कार्यक्रमातील एक दिवस हमखास स्नॉर्केलिंगसाठी राखलेला असतो. डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात श्वसननळी, अंगात जीवरक्षक जाकीट, आणि पाण्यावर पालथे तरंगत खालचे प्रवाळांचे जग पाहावयाचे. ज्याने ते एकदा पाहिले, तो सहसा ते विसरत नाही. परंतु या आनंदाची किंमत कोण मोजतो, याचा विचार तिकीट काढताना क्वचितच होतो.

श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, या शहराजवळच्या वंडूर येथून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जाता येते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानातील जॉली बॉय हे बेट स्नॉर्केलिंगसाठी प्रसिद्ध आहे. तेथील व्यवस्थेत कौतुकास्पद असे बरेच आहे. बेटावर जाण्यास वनविभागाची परवानगी लागते, मुक्काम करता येत नाही आणि धक्क्यावर सामान तपासून प्लास्टिक रोखले जाते. पावसाळ्यात हे बेट बंद ठेवून पर्यटकांना शेजारच्या रेड स्किन बेटाकडे वळविले जाते. सकाळी गेलेली माणसे दुपारी परततात, कचराही बरोबर परत आणतात. अशी शिस्त भारतातील फार थोड्या पर्यटनस्थळी आढळते. मात्र या व्यवस्थेत एक उणीव राहून जाते. पिशवीत काय आहे हे तपासले जाते. पिशवी धरणाऱ्याला पाण्यावर तरंगता येते की नाही, हे कोणी पाहत नाही.

ही उणीव किती महाग पडते हे समजण्यासाठी प्रवाळ म्हणजे काय ते जाणले पाहिजे. पोवळ्याचा खडक हा नुसता खडक नव्हे. असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचे घर बांधत नेलेली ती वसाहत आहे. जिवंत भाग असतो तो वरचा पातळ थर. त्या थरात एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते आणि त्याला रंगही देते. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटीमीटर वाढतात, परंतु गोलाकार प्रवाळांची वाढ वर्षाकाठी साधारण एखादा सेंटीमीटर, कधी त्याहूनही कमी. घागरीएवढा एक प्रवाळ तयार होण्यास वीस-तीस वर्षे सहज लागतात. सागरतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा व्यापणाऱ्या या वसाहती सागरी जीवांच्या सुमारे पाव हिश्श्याला आश्रय देतात. पाव शतकाची ही शिल्लक एका टाचेखाली काही क्षणांत संपते.

आणि ती टाच दुष्टाव्याने पडत नाही. भीतीने पडते. बहुसंख्य भारतीय पर्यटकांना पोहता येत नाही. नाकाऐवजी तोंडाने श्वास घेणे हेच प्रथम जड जाते. नळीत थोडे खारे पाणी शिरते, जीव घाबरा होतो आणि पाय आधार शोधू लागतात. उथळ पाण्यात पहिला आधार मिळतो तो प्रवाळाचाच. कोणी त्यावर उभा राहतो, कोणी फांदी धरतो, कोणाच्या पायांच्या फटकाऱ्याने उडालेली वाळू जिवंत थरावर बसते आणि ती झटकण्यात त्या जीवाची शक्ती खर्ची पडते. घाबरलेल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष द्यावयाचा तर त्याला कोणतीही तयारी न करविता थेट प्रवाळांवर नेणाऱ्या पद्धतीला दिला पाहिजे.

हे वेगळ्या रीतीने करता येते. हवाई बेटांवरील हनौमा उपसागरात २००२ पासून पाण्याकडे जाण्यापूर्वी प्रत्येक पाहुण्याला एक छोटा माहितीपट पाहावाच लागतो. कशाला हात लावू नये, कोठे उभे राहावे, हे त्यात सांगितलेले असते. थायलंडमधील माया उपसागराची कथा अधिक बोलकी आहे. दररोज येणाऱ्या हजारो दिवसपाळीच्या प्रवाशांनी तेथील प्रवाळ इतके खचले की २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. २०२२ च्या जानेवारीत तो पुन्हा उघडला, तो पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालून आणि नौकांना उपसागरात मज्जाव करून. जे नियम आधी पाळले असते, ते साडेतीन वर्षांच्या बंदीनंतर पाळावे लागले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रवाळांचा खरा शत्रू तापणारा समुद्र आहे. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी अंदमानचे प्रवाळ पांढरे पडले ते पर्यटकांमुळे नव्हे. २००४ च्या भूकंपाने तर उत्तरेकडील काही प्रवाळखडक कायमचे पाण्याबाहेर उचलले गेले. मग एका पर्यटकाच्या पायाचे एवढे काय? उत्तर असे की पांढरा पडलेला प्रवाळ तत्काळ मेलेला नसतो. पाणी वेळेत निवळले तर शैवाल परतू शकते आणि वसाहत सावरू शकते. परंतु त्या काळात तिला अन्य घाव सोसावे लागले, तर सावरणे अवघड होते. आजारी माणसाच्या छातीवर बसून हवामानाला दोष देण्यासारखाच हा युक्तिवाद आहे. समुद्राचे तापमान एका बेटावर उतरविता येत नाही. पायांचा भार मात्र उतरविता येतो.

दुसरा प्रश्न उपजीविकेचा. नौका चालविणारे, साहित्य भाड्याने देणारे, पाहुण्यांना हात धरून पाण्यात नेणारे वाटाडे यांची कमाई किती फेऱ्या झाल्या यावर ठरते. अर्धा तास शिकविण्यात गेला तर एक फेरी कमी होते. म्हणूनच हा अर्धा तास वाटाड्याच्या सौजन्यावर सोडता कामा नये. तो परवान्याची अट असावा आणि त्याचे मोल तिकिटात धरलेले असावे. वाळूच्या तळावर, कंबरभर पाण्यात मास्क लावून श्वास घेणे, पालथे तरंगणे आणि घाबरल्यास पाय न टेकता पाठीवर वळणे, एवढे तीन धडे पुरेत. हे जमेल त्याने प्रवाळांवर जावे. ज्याला जमणार नाही, त्याने काचतळाच्या होडीतून तेच वैभव पाहावे. त्यात कमीपणा काहीच नाही. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर प्रवाळ हे मुद्दल आहे आणि पर्यटनाचे उत्पन्न हे त्यावरील व्याज. मुद्दल मोडून वाढविलेले व्याज फार काळ मिळत नाही, हे ठेवीदाराला वेगळे समजावावे लागत नाही.

प्रवाशालाही नियमाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सहल ठरल्यावर गावातील तलावावर आठ दिवस तरंगण्याचा सराव करावा. पाण्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, म्हणजे अंगाला मलम कमी लागते. काही मलमांतील रसायने प्रवाळांना अपायकारक ठरतात म्हणून हवाई राज्याने २०२१ पासून त्यांची विक्रीच बंद केली आहे. माशांना पाव-बिस्किटे टाकू नयेत. पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीने प्रवाळांना संरक्षण दिले आहे, म्हणजे ती केवळ सवय नव्हे, अपराध आहे.

हा विचार अंदमानपुरताही नाही. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, प्रवाळ आहेत आणि ते पाहण्यासाठी पाण्यात उतरणारेही आहेत. तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. अंदमानात शिकलेला संयम मालवणात उपयोगी पडेल, आणि मालवणात केलेला सराव अंदमानात. मुले हे सारे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. वडिलांनी पाय वर ठेवले तर मुलगाही ठेवतो. आणि त्याची मुले कधी तेथे गेली, तर त्यांना पाहण्यासाठी खाली काही शिल्लक असेल.