पहिलटकरणीची डोकेदुखी : पित्त की बीपी?

मे २०२३ मध्ये अमेरिकेची धावपटू टोरी बोवी घरात मृत सापडली. वय ३२, आठवा महिना. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीचं सुवर्णपदक मिळवलेली ही मुलगी! शवविच्छेदन अहवालात मृत्यूच्या संभाव्य कारणांमध्ये ‘एक्लॅम्प्सिया’ होता. म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके. तिच्याच रिले संघातल्या ॲलिसन फेलिक्सलाही २०१८ मध्ये वाढलेल्या बीपीमुळे ३२ व्या आठवड्यात तातडीचं सिझेरियन करावं लागलं होतं.

म्हणजे ‘आमची सून चांगली धडधाकट आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहून कसं चालेल, मैत्रिणींनो?

बीपी एकदम चढलं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना तो दाब सोसत नाही. त्यातून पाणी झिरपतं, मेंदूला सूज येते. ही सूज बहुधा मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं केंद्र असतं तिथे येते. म्हणून डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, अंधुक दिसतं. मग झटका येतो. रक्तवाहिनी फुटली तर लकवा, नाहीतर मृत्यू. वेळेवर उपचार मिळाले, तर मात्र ही सूज बहुतेक वेळा उतरते. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन जुनं नि स्वस्त आहे. ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्यावर आला.

मग अडतं कुठे? मला वाटतं, आपल्या रीतीभातीतच. हा आजार पहिलटकरणींना जास्त होतो आणि बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत डोकं वर काढतो. नेमकं तेव्हाच डोहाळजेवण उरकून पोर माहेरी जाते. गाव बदलतं, डॉक्टर बदलतो, आशाताई बदलते. आधीचं बीपी किती होतं, हे नव्या डॉक्टरला कोण सांगणार? डोकं दुखलं तर ‘पित्त झालं असेल’, पाय सुजले तर ‘या दिवसांत सुजणारच’ आणि झटका आला तर ‘बाहेरचं काहीतरी’!

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. योजना चांगलीच आहे. पण बीपी काही नऊ तारखेची वाट पाहत नाही. १४०/९० झालं की डॉक्टरांना दाखवायलाच हवं, १६०/११० म्हणजे त्याच क्षणी रुग्णालय. झटका आलाच तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. डाव्या कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. बाळंतपणानंतरही सहा आठवडे धोका असतो, तेव्हा बाळंतिणीची डोकेदुखी ‘जागरणाने’ म्हणून सोडून देऊ नका.

सासूबाईंनो, लेकीसुनेची हौसेने ओटी भरताच. माहेरी पाठवताना हिरव्या साडीबरोबर तिचं तपासणीचं कार्डही पिशवीत घाला. आणि विहीणबाईंनो, ती आली की आधी ते कार्ड घेऊन दवाखाना गाठा. माहेरपण नंतर आहेच.