परतीचे दार

दक्षिणेत इस्लामचा प्रसार कशामुळे झाला, या प्रश्नाला ‘तलवारीमुळे’ एवढेच उत्तर देऊन आपला समाज मोकळा होतो. हे उत्तर खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे.

चाकणचा संग्रामदुर्ग १५ व्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने जिंकला. त्याचा पिता जन्माने ब्राह्मण होता. फिरिश्ता या इतिहासकाराच्या कथनानुसार तो बहमनी सैन्याच्या हाती बंदी म्हणून सापडला, मुसलमान झाला, फारसी शिकला आणि दरबारात थोर पदाला चढला. तलवारीने त्याला नेले आणि राजाश्रयाने वाढविले. पण अशा असंख्यांच्या परतीचे दार कोणी लावून घेतले? देवलस्मृतीने शुद्धीचा मार्ग सांगितला असताना रूढीने तो बुजविला. बाटला तो कायमचा परका, हा दंडक आपलाच होता.

शिवछत्रपतींनी तो मोडला. सुमारे नऊ वर्षे मुहम्मद कुलीखान म्हणून मोगलांच्या चाकरीत राहिलेल्या नेताजी पालकरांना १६७६ मध्ये त्यांनी स्वधर्मात घेतले.

आज त्याच चाकणपासून भोसरी-पिंपरीपर्यंतच्या कारखान्यांत मराठवाडा, विदर्भ, बिहारमधून तरुण पोटासाठी येतात. खोली देताना त्यांना आधी जात विचारली जाते काय? आजारपणात शेजारचे दार त्यांच्यासाठी उघडते काय? समाजाचे संघटन या प्रश्नांच्या उत्तरांतच आहे. आपला माणूस दूर लोटणाऱ्या समाजाने इतरांच्या तलवारीला बोल लावून भागणार नाही.